इंजिन एक बदललं, मग काय काय बदललं

मंडळी, माझा पिकअप खाली पार्किंगमध्ये उभा आहे. सासवडहून तो दुसऱ्या टेम्पोवर लादून आणलाय. हसा तुम्ही, पण त्याचं कारण पुढे येईल.

विलीज या अमेरिकन जीपच्या चासीवर बेतलेला हा महिंद्राचा जुना ट्रक. एका वीटभट्टीवर पडून होता. हौद्यात बाभूळ उगवली होती, अक्षरशः. बायको म्हणाली, झाड तेवढं ठेव आणि गाडी परत कर.

जुन्या गाडीत नवं इंजिन टाकायचं म्हणणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा की पाना हातात घेण्याआधी आरसी बुक उघडा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला असेल तर ती गाडी त्यात बसत नाही. म्हणजे जुनी गाडी म्हणून मान हवा की नवं इंजिन हवं, ते आधी ठरवा. मूळ इंजिन जागेवर असेल, ब्लॉक फुटलेला नसेल, तर माझ्या मते त्याला हात लावू नये. बोअर करून घ्या, नवे पिस्टन टाका आणि चाळीसच्या स्पीडने सुखाने फिरा.

माझ्या गाडीत ते इंजिन नव्हतंच. मूळचं विलीजचं हरिकेन इंजिन, चार सिलिंडर, २,१९९ सीसी, पेट्रोल. त्याची रचना गमतीची आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे ते उंच झालं आणि ते मावावं म्हणून सीजे-३बी जीपचं बॉनेट वर उचलावं लागलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, १११ मिलिमीटर आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, जेमतेम ७९. ओढणार बैलासारखं, पळायचं नाव नको. ऐंशीच्या दशकात डिझेल परवडतं म्हणून कुणीतरी ते काढून प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल टाकलं आणि आरसीवर तशी नोंदही करून घेतली. म्हणजे मूळपण माझ्या हाती येण्याआधीच गेलेलं. त्या प्यूजोचाही ब्लॉक तडकला होता. तेव्हा कुठे मी नव्याचा विचार केला.

नवं म्हणजे महिंद्राचंच २.५ लिटरचं कॉमन रेल, म्हणजे एका सामाईक नळीतून जबर दाबाने डिझेल फवारणारं इंजिन. पहिल्या थारमध्ये ते १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं. हरिकेनचा टॉर्क दीडशेच्या आसपास. म्हणजे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी चाकांवर (क्राऊन-पिनियनवर) दीडपटीहून जास्त भार.

नव्या इंजिनामागे जुना गिअरबॉक्स लावायचा तर मध्ये ॲडॉप्टर प्लेट करावी लागते. पुण्याजवळच्या भोसरीत ती कुणीही लेथवर काढून देईल. पण क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र डायल गेजवर ०.१ मिलिमीटरच्या आसपास जुळलं नाही, तर काही महिन्यांत बेअरिंग ओरडायला लागतात आणि आपण क्लचप्लेटला शिव्या देतो. मी ती भानगडच टाळली. अपघातात मोडलेल्या एकाच गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), सगळी वायरिंग, ॲक्सिलेटरचा पेडल आणि किल्लीसुद्धा घेतली. किल्ली विसरू नका. इमोबिलायझर या चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला ती ओळखीची नसेल तर इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. शिवाय जुन्या विलीजच्या ६ व्होल्टवर हा ईसीयू जागाही होत नाही, सगळं १२ व्होल्टचं लागतं. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग स्वस्त मिळतात खरे, पण चार गाड्यांचे चार भाग आणून वायरी जुळवत बसलात, तर वाचलेले पैसे इलेक्ट्रिशियन नेतो.

आता एक छोटं गणित. जुन्या ॲक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. टायरचा घेर सुमारे २.४ मीटर. टॉप गिअर थेट धरला, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात असं मानलं, तर इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांना गाडी जाते ताशी ८० किलोमीटर. इंजिनात दम आहे आणि गाडी नुसती किंचाळतेय. रेशो ३.७३ केला, की त्याच फेऱ्यांना ११५. म्हणून मागचा ॲक्सल बदलला. पण ११५ ला जाणारी गाडी थांबवायची कशाने? वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. जुने ड्रम त्या कामाचे नाहीत, म्हणून पुढे डिस्क आली. डिस्कला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो, बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, आणि डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळ्यांत, पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो. त्यासाठी वेगळा पंप. पेट्रोल इंजिनाच्या याच व्हॅक्यूमवर जुन्या विलीजचा वायपरही चालायचा. चढावर ॲक्सिलेटर दाबला की वायपर झोपी जायचा, ऐन पावसात. ती परंपरा मी विजेची मोटर बसवून मोडली.

माझी चूकही सांगतो. रेडिएटर मोठा घेतला आणि निश्चिंत झालो. शेतातल्या चढावर हौद्यात खताची पोती टाकून गाडी काढली, तर दहा मिनिटांत काटा लाल रेघेवर. रेडिएटरात काहीच दोष नव्हता. नवं इंजिन मागे बसल्यामुळे पंखा रेडिएटरपासून लांब गेला होता, आणि मी पंख्याभोवती पत्र्याचा घेर केलाच नव्हता. पंखा इंजिनाचीच गरम हवा घुसळत होता. दोन हजारांच्या पत्र्याने काम झालं. एका पावसाळ्याचा माझा रुबाब मात्र गेला.

टाकी आतून गंजलेली असेल तर ती साफ करण्यावर वेळ घालवू नका, नवी करून घ्या. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. गंजाचा कण डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला पोचला की संपलं.

राहिला टेम्पोचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. इंजिन नंबर आरसीवर असतो, आणि माझ्या आरसीवर अजून प्यूजोचाच आहे. परवानगी हातात येत नाही तोवर गाडी शेताच्या बांधाबाहेर स्वतःच्या चाकांवर निघणार नाही, म्हणून टेम्पो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच नंबर बघेल, आणि समोरच्या माणसाला भरपाई मी कुठून देणार?

चला खाली. बॉनेट उघडतो, पण पंख्याच्या घेराला हात लावू नका, त्याच्या कडा अजून घासायच्या राहिल्यात.