जगायला चाललो

(पहाट. माळावर धुराचा पट्टा.)

हे धुकं नाही. नीट बघा, जमिनीतून वर येतंय. सोलापूरकडचा माळ, पौषातली थंडी, आणि मातीच्या या ढिगाखाली वेडी बाभूळ. जळत नाहीये ती. जळली तर राखच हाती येईल. तिला नुसतं धुमसवायचं, कोळसा होईपर्यंत.

(कुऱ्हाड. काटे.)

हे कुटुंब रायगड जिल्ह्यातल्या सुधागडचं, कातकरी आदिवासींच्या वाडीतलं. दिवाळी झाली, भात कापून झाला, की वाडी रिकामी होते. कुठे चाललात विचारलं तर उत्तर एकच: "जगायला."

आधी तोड. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेकडची, इथे कुणालाच नकोशी. शेतकरी म्हणतो, फुकट न्या, पण बुडख्यासकट न्या. म्हणजे उकरायचं कामही यांच्याच माथी.

(ढीग रचताना.)

जाड ओंडके मधे, बारीक कडेनं, फटींत काटक्या. वर गवत-पाला, त्यावर ओली माती. हवेला मोजकीच भोकं. पेटवलं की आधी पांढरा धूर. ते लाकडातलं पाणी. मग पिवळट, डोळ्यांना झोंबणारा. शेवटी पातळ निळसर. निळा दिसला की भोकं बुजवायची. रात्री कुठे माती खचली आणि हवा आत शिरली, तर सगळी मेहनत राख. म्हणून ही मावशी भट्टीला लागूनच निजते. ऊब तरी मिळते, म्हणते. खचलेली जागा बुजवायला वर चढावं लागतं, पायाखाली विस्तव. चार-पाच किलो लाकडामागे कोळसा जेमतेम किलोभर.

(मावशीचे हात.)

कातकरी म्हणजे कात काढणारे. खैराचा गाभा उकळून कात काढणं हा यांचा पिढीजात धंदा. 1878 च्या वनकायद्यानं जंगलं राखीव झाली, खैरावर कुऱ्हाड घालणं गुन्हा ठरलं, आणि ही माणसं व्यापाऱ्यांसाठी कोळसा पाडू लागली. खैर गेला, कुऱ्हाड राहिली. ती आता दुसऱ्याच्या हिशोबात चालते.

(मुकादमाची वही.)

भर पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम वाडीवर येतो आणि पैसे देऊन जातो. ही उचल. ती नवराबायकोनं मिळून अंगमेहनतीनं फेडायची. वर आठवड्याची खर्ची, तीही त्याच वहीत. वाचता येणारा इथे एकच, तो मुकादम. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली. वहीत वेठ लिहिलेलं नाही, उचल लिहिलंय. पोरांची शाळा वाडीवरच राहिली.

(भट्टी फोडताना.)

निवल्यावर भट्टी फोडतात. हॉटेलांच्या तंदूरला जाणारी पोती इथेच भरतात. मावशीची नात दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटते. कच्चा कोळसा बद्द वाजतो, पक्का काचेसारखा.

ऐका.

(आवाज.)