‘चालत नाही’च्या पुढचं वाक्य

(नागपुरात पदविका, पदवी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मोठ्या आयटी कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून गेलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे तिथे कशालाच हात लावू देत नाहीत. मिळालेल्या लॅपटॉपवर साधं सॉफ्टवेअर टाकता येत नाही, पेन ड्राइव्ह चालत नाही, सर्व्हर रूमच्या दाराशी कार्ड लावलं की लाल दिवा लागतो. मुलं घरी येऊन सांगतात, ‘नुसतं बसवून ठेवलंय.’ तसं नसतं. कॉलेजच्या लॅबमधली चूक एका मशीनपुरती राहते. इथे एका ॲडमिन खात्याच्या हाताखाली हजारो मशीन असतात. म्हणून हळूहळू पायऱ्या चढाव्या लागतात: आधी शेजारी बसून बघायचं, मग कोणाच्या तरी देखरेखीखाली करायचं, आणि एकट्याने करायची वेळ बरीच नंतर येते. पण एक अधिकार पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे असतो, तो तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, लिहिण्याचा. तुमची किंमत तिथेच ठरते, आणि आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

सर्व्हिस डेस्कवर येणारं तिकीट बहुधा एका वाक्याचं असतं: ‘नेट चालत नाही.’ त्याच्या पुढचं वाक्य तुम्हाला लिहायचं असतं. केबलवर की वायफायवर? शेजाऱ्याचं चालतं का? केव्हापासून? त्याआधी काय बदललं, जागा की पासवर्ड? मग कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, बघायचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक लावून घेतला आहे. अशा वेळी ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही, केबल, स्विचचा (केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीचा) पोर्ट किंवा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग) बघायला हवा. पत्ता नीट आहे, गेटवेला, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराला, पिंग जातो, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर. ‘नेट चालत नाही, कृपया पाहावे’ असं लिहून नेटवर्कच्या चमूकडे ढकललेलं तिकीट अर्ध्या दिवसाने प्रश्नांसकट परत येतं. ‘केबलवर, सकाळी १०:१० पासून, आयपी १६९.२५४, दुसरी केबल लावून पाहिली, फरक नाही, शेजारच्या पोर्टवर चालतं’ एवढं लिहिलेलं तिकीट परत येत नाही, कारण समोरच्याला फक्त तो एक पोर्ट बघायचा उरतो.

आता खातं लॉक होण्याचं प्रकरण घेऊ, कारण नव्या मुलांची सगळ्यांत जास्त दमछाक त्यात होते. एखादा कर्मचारी सकाळी पासवर्ड बदलतो. वीस मिनिटांत खातं लॉक. शिकाऊ मुलगा अनलॉक करतो, तिकीट बंद करतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दिवसभरात चार तिकिटं, चारही ‘सोडवली’ म्हणून बंद, आणि तो माणूस वैतागलेला. जुना पासवर्ड कुठेतरी साठवलेला असतो आणि ते यंत्र तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. बहुतेक वेळा ते खिशातल्या फोनवरचं मेल किंवा वायफाय निघतं. कधी जोडून ठेवलेली नेटवर्क ड्राइव्ह, कधी एखाद्या सर्व्हरवर तशीच सोडून दिलेली रिमोट डेस्कटॉपची खिडकी, कधी वेळापत्रकावर लावलेलं टास्क. डोमेन कंट्रोलरच्या (खाती आणि पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये अशा लॉकची नोंद ४७४० क्रमांकाने पडते आणि ते कोणत्या संगणकावरून झालं त्याचं नाव त्या नोंदीतच असतं. तो लॉग उघडायचा अधिकार तुम्हाला नसेल. पण ‘११:४२ ला लॉक झालं, या खात्याची ४७४० ची नोंद बघून द्याल का’ असं विचारलं, तर वरिष्ठांना दोन मिनिटं लागतात. नाव मेल सर्व्हरचं निघालं तर फोनकडे वळा. इथे क्रम चुकवू नका. आधी फोनमधला जुना पासवर्ड काढायचा, मगच खातं अनलॉक करायचं. उलट केलंत तर तुम्ही फोन ठेवायच्या आत ते पुन्हा लॉक झालेलं असेल.

आणि पासवर्ड रीसेट करण्याआधी माणूस तोच आहे याची खात्री करून घ्या. ‘मी अमुक विभागाचा प्रमुख, मीटिंगमध्ये आहे, लवकर करा’ असा घाईचा आवाज आला की नवा मुलगा बिचकतो. फसवणूक करणारा नेमकं हेच हेरतो. कंपनीने ठरवलेली ओळख पटवायची पद्धत मोडू नका. गरज पडली तर डिरेक्टरीत नोंदलेल्या नंबरवर तुम्ही उलट फोन करा. खऱ्या अधिकाऱ्याला त्याचा राग येत नाही, आणि आला तरी तुमची बाजू लेखी असते.

डेस्कटॉप किंवा नेटवर्कच्या कामावर पडलात, तर केबल क्रिंप करायला, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवायला, बसाल. आठ तारांचा टी-५६८-बी चा क्रम पाठ हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फुटून तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर जाते, मधल्या दोन पिना निळ्याच्या. नवशिक्याला हे विचित्र वाटतं आणि तो चारही जोड्या ओळीने बसवतो, दोन्ही टोकांना सारख्याच. स्वस्तातल्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. केबल लावली की मात्र वेग पडतो किंवा चुका वाढतात, कारण तीन आणि सहावर आता दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा आल्या. एका सिग्नलच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणूनच शेजारच्या जोडीचा गोंगाट कटतो. तो पीळच इथे गेला. टेस्टर फक्त सलगता सांगतो, जोडी सांगत नाही. पीळही कनेक्टरजवळ साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. लांबीची मर्यादा १०० मीटर, त्यात भिंतीतली पक्की केबल ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (छोट्या जोडकेबली) मिळून १०.

आपल्या नागपूरची आणखी एक गोष्ट. मे महिन्यात बाहेर पारा ४५ पार जातो, आणि मजल्यावरच्या छोट्या रॅक रूमचा एसी बंद पडला तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, स्विच आपोआप बंद पडेपर्यंत. यंत्रांच्या तोंडाशी शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी, असं मानलं जातं. ठरल्या वेळी जाऊन आकडा लिहिण्याचं काम शिकाऊ मुलांकडे येतं आणि त्यांना ते कमी दर्जाचं वाटतं. मनापासून सांगतो, ते काम नीट करा. सकाळी २४, दुपारी २६, दुसऱ्या दिवशी दुपारी २९, अशी ओळ तुमच्या हातात असली तर एसीवाल्याला आजच बोलावता येतं.

बदलांबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचे पॅच (दुरुस्तीचे अपडेट) दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, पण मोठी कंपनी ते त्याच दिवशी सगळीकडे टाकत नाही. आधी थोड्या मशीनवर, मग ठरलेल्या वेळेत बाकीच्यांवर. प्रत्येक बदलाच्या अर्जात ‘बिघडलं तर परत कसं जायचं’ हा रकाना असतो. संधी मिळेल तेव्हा तो रकाना वाचत जा. पूर्ण यंत्रणा कशी बांधली आहे, ते तिथे कळतं.

आता कागदपत्रं. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा तुम्हाला कामगार म्हणत नाही, प्रशिक्षणार्थी म्हणतो. त्यामुळे पीएफ कापला जात नाही, आणि वर्षअखेर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. पदवीधर आणि पदविकाधारक १९७३ च्या दुरुस्तीने या कायद्यात आले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक केलं. म्हणजे जागा देऊन कंपनी उपकार करत नाही, हे लक्षात ठेवून सरळ मानेने जा. त्याच नियमांत किमान विद्यावेतन पदवीधराला ९०००, पदविकाधारकाला ८००० आणि आयटीआयवाल्याला ७००० रुपये धरलं होतं. सही करायच्या दिवशी सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवरचा चालू आकडा आणि करारातला आकडा शेजारी ठेवून वाचा. सरकारचा वाटा थेट तुमच्या खात्यात येतो, म्हणून बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. फक्त केवायसी पुरत नाही, बँकेत जाऊन सीडिंग, म्हणजे ही जोडणी, झालंय का ते विचारा. इथे अडलेल्या पैशाचा दोष मुलं उगाच कंपनीला देतात. पोर्टलवर करारच नाही, किंवा कोणी अनामत मागतंय, तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हे. उठून या.

शिफ्टचं आधीच विचारा. मिहानमधून (नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पातून) ब्रिटनच्या ग्राहकांचं काम असेल, तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच. तिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, तशी तुमची सुटायची वेळही सरकते. खापरी स्टेशनपासून कॅम्पसपर्यंत काय मिळतं, रात्री परत यायला कंपनीची गाडी आहे का, आणि ती शिकाऊंनाही आहे का, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी. मुलींच्या पालकांनी तर नक्कीच.

शेवटच्या महिन्यात दोन कामं करा. सहा-सात वेळा आलेल्या एखाद्या बिघाडाचा लेख कंपनीच्या नॉलेज बेसमध्ये टाका: लक्षण, कारण, पायऱ्या, आणि कुठे थांबून वरच्यांना विचारायचं. ग्राहकाची नावं, आयपी, स्क्रीनशॉट यातलं काहीही घरी आणू नका, पण रोजच्या वहीत काय शिकलात ते स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असू द्या. मुलाखतीत तेच कामी येतं. आणि लॅपटॉप परत करण्याआधी पोर्टलवरच्या नोंदी पूर्ण आहेत ना, नावाचं स्पेलिंग मार्कशीटवर आहे तसंच आहे ना, हे बघून घ्या. प्रमाणपत्र त्याच नोंदींवरून निघतं, आणि ते दुरुस्त करून घ्यायला नंतर खेटे घालावे लागतात.