भीती कुठवर नेते?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ख्रिस्ती विश्वासात भीतीचं स्थान’. पण मी सुरुवात पेट्रोमॅक्सपासून, म्हणजे रॉकेलच्या बत्तीपासून करणार आहे, कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो तिथूनच.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पिकं निघाली की आमच्या गावी तीन दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास जागा करणारी प्रवचनांची सभा व्हायची. इथे साठीच्या पुढचे बरेच जण दिसताहेत, त्यांना मांडव, जाजम, हार्मोनियम असं सगळं आठवत असेल. लहान मुलं कायम पुढे, अगदी वक्त्याच्या पायाशी. त्या वर्षी बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते. त्यांनी खांबावरचा पेट्रोमॅक्स उतरवून टेबलावर ठेवला आणि आम्हा मुलांना विचारलं, “या काचेवर कोण बोट ठेवतो? फक्त एक मिनिट.” कुणी जागचं हललं नाही. मग ते म्हणाले, “एक मिनिट सोसवत नाही, मग नरकात सर्वकाळ कसा काढाल?” आणि लगेच, ज्यांना प्रभूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा. मी केला. दुसऱ्या रात्रीही केला, तिसऱ्या रात्रीही केला, कारण आधीचे हात वर मोजले गेले की नाही याची खात्री वाटत नव्हती. हसताय ना? हसा. पण तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी असाच हात वर केलेला असणार!

तो माणूस तळमळीचा होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ही तक्रार मी पन्नास वर्षं उराशी घेऊन हिंडतोय आणि आज तुमच्यासमोर ती मांडतोच. पुढची दोन वर्षं येशूचं नाव कानावर पडलं की मला आधी ती तापलेली काच दिसायची. “लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या” असं जो म्हणाला, त्याच्याकडे लेकरांना चटक्याचं भय घालून पाठवायचं? आजही कुठल्या शब्बाथ शाळेत अग्निसरोवराचं रंगीत चित्र टांगलेलं दिसलं की माझ्या पोटात कालवतं.

तिसऱ्या रात्री मला झोप येईना. शेजारी आजी होती. तिला विचारलं, “आजी, तुला मरायची भीती नाही वाटत?” ती म्हणाली, “मेल्यावर त्याच्याकडंच जायचंय ना? मग भ्यायचं कशाला? नीज आता.” आणि घोरायला लागली. आजीला अक्षर ओळख नव्हती. त्या रात्री मी झोपलो तो तिच्या घोरण्याच्या आधारानं.

आजीचं हे उत्तर मला पुढे मेथॉडिस्ट पंथाचा इंग्रज संस्थापक जॉन वेस्ली याच्या रोजनिशीत परत भेटलं. मेथॉडिस्ट मंडळींना ही गोष्ट पाठ असेल, तरी ऐका. २५ जानेवारी १७३६. ‘सिमंड्स’ नावाचं जहाज अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या जॉर्जियाकडे निघालेलं. वेस्ली तेव्हा बत्तीस वर्षांचा, दीक्षित धर्मगुरू, तिथल्या मूळ रहिवाशांना शुभवर्तमान सांगायला चाललेला. जहाजावर मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाची जर्मन कुटुंबं होती. इतरांनी नाकारलेली हलकी कामं ही माणसं मुकाट्यानं करत आणि कुणी ढकललं, मारलं तरी उलट बोलत नसत, हे वेस्लीनं आधीच टिपलं होतं. त्या संध्याकाळी त्यांची उपासना चालू होती. स्तोत्राला सुरुवात झाली आणि लाट आली. मुख्य शीड टरकन फाटलं, पाणी डेकवरून खालपर्यंत शिरलं. इंग्रजांमध्ये हलकल्लोळ माजला. मोरावियनांचं गाणं थांबलं नाही.

वेस्लीनं नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारलं, तुम्ही घाबरला नाहीत? तो म्हणाला, देवाची कृपा, नाही. बरं, तुमच्या बायका, मुलं? त्यांनाही मरणाची भीती नाही, असं तो म्हणाला.

वेस्ली मात्र घाबरला होता, आणि ते त्यानं स्वतःपासून लपवलं नाही. जॉर्जियातून हात हलवत परतताना त्यानं लिहिलं की, मी तिकडे लोकांचं परिवर्तन करायला गेलो, पण माझं परिवर्तन कोण करणार? पुढे २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका लहानशा सभेत त्याचं मन ‘विलक्षण उबदार’ झालं. मध्ये सव्वादोन वर्षं गेली. वादळानं त्याला फक्त एवढंच दाखवलं की आपल्याजवळ काय नाही. ते कुणाजवळ आहे, हे त्याला गाणाऱ्या माणसांनी दाखवलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ मुद्दा आता धावतच सांगावा लागणार.

आपल्याकडे ख्रिस्ती होणाऱ्यांविषयी दोनच गोष्टी बोलल्या जातात, लोभानं झाले नाहीतर भीतीनं झाले. पण आपल्या लोकांची आत्मवृत्तं वाचा, भीती नेमकी उलट्या बाजूला उभी दिसते. नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं, नरकाच्या वर्णनानं नव्हे. भीती होती ती आप्तांची, जातीची, घर तुटण्याची. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर खरोखर तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं तर इतकं कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. अशा घरात वाढलेल्या बाईच्या मनात पुढे प्रश्न उभा राहिला की जात देवानं केली की माणसानं. त्याचं उत्तर सापडलं आणि विटाळाची भीती गळून पडली. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

मग भीतीचं काहीच काम नाही का? आहे. “परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ होय” हे मी खोडून काढणार नाही. पण येशूच्या शब्दावर टाकलेली जाळी माशांनी फाटायला आल्यावर त्याचा शिष्य पेत्र त्याच्या पायाशी पडतो, “माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे” म्हणतो, ती भीती आणि तापलेल्या काचेची भीती, या दोन वेगळ्या. पेत्राला मिळालेलं उत्तर काय? “भिऊ नको.” जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचंही बघा. २ जुलै १५०५ला श्टोटर्नहाइमजवळ वीज पडली, त्यानं संन्यास घेण्याचा नवस बोलला आणि पंधरा दिवसांत मठात दाखल झाला. भीतीनं त्याला मठापर्यंत नेलं. आत ती कमी झाली नाही, वाढली. ती गेली बायबलमधल्या रोमकरांस पत्रातल्या “नीतिमान विश्वासाने जगेल” या वाक्यापाशी, कित्येक वर्षांनी.

शेवटचं, आणि मग बसतो. बायबलमधला फिलिप्पै शहराच्या बंदिशाळेचा नायक घ्या. त्याच्या कैदेत येशूचे प्रचारक पौल आणि सीला होते. भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले असं समजून त्यानं स्वतःवर तलवार उपसली, कारण कैदी निसटले तर पहारेकऱ्याचा जीव जायचा. भीती याहून मोठी काय असणार? त्या भीतीनं तो मरायलाच निघाला होता. त्याला थांबवलं ते अंधारातून आलेल्या आवाजानं, “स्वतःला अपाय करून घेऊ नको, आम्ही सर्व जण येथेच आहोत.” पळून जाता येत असताना पौल आणि सीला बसून राहिले होते. त्यानं दिवा मागवला, थरथरत आत गेला आणि विचारलं, “माझे तारण व्हावे म्हणून मला काय केले पाहिजे?” संध्याकाळी ज्या हातांनी त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते, त्याच हातांनी त्यानं त्या रात्री त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन त्यांना जेवायला वाढलं.