बाळाची नखं कापताना बोटाची गादी आधी खाली दाबा

नमस्कार मंडळी. मी इंदूरहून बोलतेय, रामबागेतल्या आमच्या घरातून. मांडीवर आमची चिमी आहे, सव्वादोन महिन्यांची. मालिश, अंघोळ, दूध सगळं आटोपून आत्ताच झोपलीय, म्हणून आवाज जरा हळू ठेवते.

तिच्या गालावरचा हा ओरखडा बघा. तिनंच काढलाय. तान्ह्या बाळाची नखं मऊ असतात, पण पातळ असल्यामुळे कड धारदार. शिवाय भराभर वाढतात. हाताची साधारण आठवड्याला कापावी लागतात, पायाची महिन्यातून एक-दोनदा पुरतात.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "सव्वा महिना कात्री लावू नकोस." मला ते पटलं. सुरुवातीच्या आठवड्यांत नखाचं टोक खालच्या कातडीला इतकं चिकटलेलं असतं की नख कुठे संपतं तेच कळत नाही. तेव्हा मी मऊ नेल फाइलनं नुसती कड घासायचे. हातमोजे घालत असाल तर आधी उलटे करून बघा. आतला सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं.

चूक माझ्याकडूनही झाली. दोन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात, ती जागी असताना घाईनं कापायला गेले आणि करंगळीची कातडी कात्रीत आली. दुपट्यावर रक्ताचा एवढासा ठिपका, पण माझे हातपाय गार पडले. तुमच्याकडून झालं तर स्वच्छ सुती कापडानं काही मिनिटं दाबून धरा, रक्त थांबतं. हळद नको, पावडर नको, आणि बँडेजची पट्टी तर अजिबात नको. बोट तोंडात जातं आणि पट्टी सुटून घशात अडकू शकते. रक्त थांबत नसेल, किंवा नंतर बोट लाल झालं, सुजलं, पू दिसला तर थेट डॉक्टरांकडे.

आता जवळून बघा. (बोट कॅमेऱ्याजवळ धरून) मूठ घट्ट आहे ना? ओढून उघडू नका. तळव्याला बोट लागलं की ती आणखी आवळते, पहिले पाच-सहा महिने असंच चालतं. करंगळीच्या बाजूनं हलकेच बोट फिरवा. बघा, सैल झाली. आता एकेक बोट चिमटीत धरायचं आणि ही बोटाची गादी, नखाखालचा मांसल भाग, अंगठ्यानं खाली दाबायची. दिसली फट? नख वर, कातडी खाली. माझ्याकडून त्या संध्याकाळी नेमकं हेच राहिलं होतं. आता गोल टोकाच्या छोट्या कात्रीनं बोटाच्या गोलाईनं कापायचं, अगदी मुळापर्यंत नाही, थोडं पांढरं राहू द्यायचं. पायाची मात्र सरळ कापायची, कोपरे खोल गेले तर नख कातडीत रुततं.

दातानं कुरतडायची पद्धत आमच्याकडेही होती. आज्यांनी ती मायेनंच केली, पण तोंडातले जंतू त्या नाजूक बोटात जातात, म्हणून आपण ती सोडू या. दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत, हे मात्र मी आता कटाक्षानं पाळते. खिडकीतला सकाळचा उजेडच हवा.

आणि हे तुकडे लगेच गोळा करा, झबल्यात राहिले तर टोचतात.

अगं अगं, दचकली. थांबते. हात सोडून द्यायचा, कात्री दूर ठेवायची, छातीवर हलकं थोपटायचं. सात झाली, उरलेली तीन उद्या सकाळी.