एक नंबर मोठा द्या!

नमस्कार श्रोतेहो. आणि भरल्या अंगाच्या माझ्या मैत्रिणींनो, आज खास तुम्हाला नमस्कार. घरात पुरुषमंडळी असतील तर त्यांनीही खुशाल ऐकावं. ब्रा हा कुजबुजत बोलायचा विषय आहे असं आपण धरून चालतो, म्हणूनच तिचं माप कसं घ्यायचं हे आपल्याला कुणी धड शिकवत नाही.

ब्रा घ्यायला कुठेही जा, तक्रार कोणतीही सांगा, उत्तर ठरलेलं असतं. कपातून छाती बाहेर येतेय? एक नंबर मोठा द्या. स्ट्रॅप खांद्यात रुततो? एक नंबर मोठा. पाठीवर वळी दिसतात? अहो, एक नंबर मोठाच द्या. असं करत करत अडतीसची बाई चव्वेचाळीसवर जाऊन पोचते आणि त्रास होता तसाच राहतो, उलट थोडा वाढतोच. मला आज सांगायचंय ते एवढंच, की जाड बाईला मिळणारं हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. तिला हवा असतो लहान पट्टा आणि मोठा कप. आणि बहुतेकींच्या हातात पडतं नेमकं याच्या उलट.

छातीचं वजन पेलतं कोण? बऱ्याचजणी म्हणतील स्ट्रॅप. पण तो भार पेलायचा असतो छातीखालून पाठीपर्यंत फिरणाऱ्या पट्ट्याने. स्ट्रॅपने फक्त कप अंगासरशी धरून ठेवायचा. पट्टा सैल असला की पुढचं वजन खाली ओढतं आणि मागचा पट्टा वर चढतो. छाती उतरली म्हणून आपण स्ट्रॅप आवळतो, त्यासरशी पट्टा मागून आणखी वर जातो. मग सगळा भार त्या दोन अरुंद फितींवर. रात्री ब्रा काढल्यावर खांद्यावरून बोट फिरवून बघा. वर्षानुवर्षं असा भार वाहणाऱ्या खांद्यावर चक्क खाच लागते हाताला. मान आणि पाठीचा वरचा भाग दुखतो तो वेगळाच. आणि एवढं होऊनही आपण म्हणतो, ‘माझं अंगच असं आहे, काय करणार!’

एक सोपा पडताळा सांगते. ब्रा घालून आरशासमोर बाजूने उभ्या राहा. पट्टा पुढे जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्याच उंचीवर मागे असायला हवा. मागे तो खांद्यांकडे कमानीसारखा चढला असेल तर सैल आहे, मग तो कितीही घट्ट वाटो. आता दोन्ही स्ट्रॅप खांद्यावरून उतरवा. कप थोडे ओघळतील, ते चालेल. पण ब्रा सगळीच्या सगळी पोटाकडे निघाली, तर आजवर सगळं काम स्ट्रॅपच करत होते हे उघड आहे.

आता माप. शिवणाची मऊ टेप घ्या. पहिलं माप छातीच्या बरोबर खाली, टेप जमिनीला समांतर, श्वास सोडून, अंगाला नीट लागेल अशी. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, न आवळता. मोठी आणि उतरती छाती असेल तर हे दुसरं माप उभ्याने घेऊन भागत नाही. कमरेतून पुढे वाकून पुन्हा एकदा घ्या, कारण उभं राहिल्यावर बराचसा भाग खाली आणि काखेकडे पसरलेला असतो आणि टेपमध्ये येतच नाही. उभ्याने आणि वाकून आलेल्या या दोन आकड्यांच्या मधला आकडा धरा.

समजा छातीखाली ३९ इंच आले आणि छातीवर ४५. पट्ट्याचे नंबर सम आकड्यांतच येतात, म्हणून पट्टा धरू चाळीसचा. पंचेचाळीस वजा चाळीस, फरक पाच इंच. कपाचं अक्षर या फरकावरून ठरतं: एक इंचाला ए, दोनाला बी, तीनला सी, चारला डी, पाचाला डीडी. म्हणजे या बाईने घालून बघायला सुरुवात करावी ४० डीडीपासून. आता जुनी रीत ऐका, जी अजून सर्रास चालते. छातीखालच्या मापात चार इंच मिळवायचे. एकोणचाळीस आणि चार त्रेचाळीस, म्हणून पट्टा चव्वेचाळीसचा. छाती पंचेचाळीस, फरक एकच इंच. आली ४४ ए! तीच बाई, तीच टेप. पट्टा तिच्या अंगावर लोंबणार आणि कपातून छाती बाहेर येणार. मग काय, एक नंबर मोठा द्या! पट्टा फारसा ताणला जात नव्हता त्या काळी या चार इंचांना काही अर्थ असेलही. पण इलास्टेन, ज्याला आपण स्पँडेक्स किंवा लायक्रा म्हणतो, तो ताणणारा धागा डुपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला, त्यालाही किती दशकं झाली. आजचा पट्टा चांगला ताणतो. वरून मिळवलेले चार इंच म्हणजे निव्वळ ढिलाई.

डीडी ऐकून दचकू नका. कपाला अक्षरं द्यायची पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात आली, तेव्हा गाडी डीवर थांबायची. म्हणून डी म्हणजे अवाढव्य अशी समजूत अजून आहे. पण अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ४० डीडीच्या कपात जेवढं मावतं तेवढंच ४२ डीमध्ये आणि तेवढंच ४४ सीमध्ये. पट्टा एक माप वर नेला की कप एक अक्षर खाली, पट्टा खाली आणला की कप वर. एवढं एक सूत्र ध्यानात असलं तर ट्रायल रूममधले अर्धे हेलपाटे वाचतात. डीच्या पुढे मात्र देशादेशांत फरक आहे. ब्रिटिश मापात डीडीनंतर ई, मग एफ; अमेरिकी मापात डीडीनंतर डीडीडी. ई लिहिलेलं दिसलं की आधी माप कुठलं ते बघायचं. युरोपात तर पट्ट्याचा आकडाही वेगळा दिसतो, ते सेंटिमीटरचं प्रकरण आहे.

मऊ अंगाबद्दल एक गोष्ट. मांसल अंगावर टेप आत दबते, तसाच पट्टाही दबतो, त्यामुळे भरल्या अंगाच्या बाईला मापापेक्षा किंचित लहान पट्टाही पुष्कळदा छान बसतो. पण बसून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ट्रायल रूममध्ये आपण उभ्याने बघतो, पोट आत ओढून, आणि दिवसाचे कितीतरी तास काढतो बसून. बसलं की पोट वर येतं, पट्ट्याला खालून ढकलतं, आणि अरुंद पट्टा लगेच गुंडाळी होऊन कपाच्या तळाशी असलेल्या तारेखाली काचतो. म्हणून तिथे स्टूल असेल तर बसा, नसेल तर वाका, दोन्ही हात वर करा, एखादा मोठा श्वास घ्या. रुंद पट्टा आणि मागे तीन-चार हुकांची रांग असलेली ब्रा या परीक्षेत सहसा टिकते. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे इलास्टिक सैल होत जातं, तसतसं आतल्या हुकांवर यायचं. ते हुक त्यासाठीच राखून ठेवलेले असतात.

ब्रा घातल्यावर पुढे वाकून, काखेकडे निसटलेला भाग तळहाताने कपात आणायचा. हे नाही केलं तर कप बसला की नाही ते कळणारच नाही. गंमत म्हणजे हे केल्यावर बऱ्याचजणींना तोच कप एकदम लहान पडतो. तार छातीच्या मुळाशी, बरगडीवर टेकली पाहिजे. छातीच्या मांसावर अजिबात नको. दोन कपांच्या मधला भाग छातीच्या हाडाला चिकटलेला हवा. तो हवेत तरंगत असेल तर कप लहान आहे. कपाच्या वरच्या कडेने छाती कापल्यासारखी दोन मजली दिसत असेल, तरी कप लहान. वर कापड चुरगळत असेल तर मोठा, किंवा त्याची घडण आपल्यासाठी नाही.

घडण! इथेच खरी मेख आहे. पुष्कळ ठिकाणी आधी लहान मापाची ब्रा बेतली जाते आणि छोटा फोटो ताणून मोठा करावा तशी मोठी मापं काढली जातात. पण अंग असं चारही बाजूंनी सारखं वाढत नाही. कुणाचं पोट सुटतं आणि छाती लहानच राहते. अशा बाईचे हाल सगळ्यात जास्त, कारण मोठ्या पट्ट्याला लहान कप शोधून सापडत नाही. कुणाचे दंड भरतात, कुणाची पाठ. न्यूयॉर्कमध्ये लेना ब्रायंट यांनी १९०४ मध्ये दुकान काढलं, पुढे ते मोठ्या मापांच्या कपड्यांसाठी नावाजलं. त्यांच्या पतीने हजारो गिऱ्हाइकांची मापं घेतली आणि निष्कर्ष काढला, की जाड बायका एका ठशाच्या नसतात, त्यांच्यात वेगवेगळे बांधे असतात. शंभर वर्षं उलटून गेली या गोष्टीला. तरी आपल्या वाट्याला ठसा एकच!

माझं मत विचाराल तर मोठ्या छातीला फोमचा साचेबंद कप सहसा मानवत नाही. फोमला स्वतःचा आकार असतो आणि तो तुमचा असेलच असं नाही. तीन-चार तुकडे जोडून शिवलेला, आतून बाजूला आधाराची पट्टी असलेला कप घालून बघा. जोडाच्या शिवणी वरून दिसतील म्हणून आपण तो टाळतो, पण छाती वर उचलण्याचं आणि बाजूने आत आणण्याचं काम त्या शिवणीच करतात. अंगात घातलेला कुर्ता एकदम नीट पडायला लागतो आणि कंबर असल्याचा शोध लागतो. वरच्या भागात ताणणारी लेस असेल तर फारच उत्तम. दोन्ही बाजू बहुतेकींच्या थोड्या कमी-जास्त असतात. माप मोठ्या बाजूचं घ्यायचं आणि लहान बाजूला लेस सांभाळून घेते.

लेस म्हटलं की आठवलं. मोठ्या मापात काळी आणि बदामी, एवढेच दोन रंग का असावेत? आपण काय कायमच्या शोकात आहोत? लाल घ्या, मोरपंखी घ्या. फक्त पांढऱ्या कपड्याखाली पांढरी दिसते, आपल्या कातडीच्या रंगाशी मिळतीजुळती असलेली दिसत नाही, तेवढं सांभाळा.

पँटीबद्दल थोडक्यात. माप कमरेवरून नाही, नितंबांच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून घ्या. वरची पट्टी सारखी गुंडाळत असेल तर नंबर वाढवण्याआधी उंची बघा. पोटाच्या मधोमध संपणारी पँटी गुंडाळणारच, बेंबीच्या वर जाणारी जागेवर राहते. मांड्या एकमेकींना घासून सोलवटत असतील तर मांडीपर्यंत येणारी, शॉर्टसारखी पँटी घाला. आतला जोड सुती हवा. आणि पोट दाबणाऱ्या शेपवेअरमध्ये बसून पोटभर श्वास घेता येत नसेल, तर ती जिथून आली तिथे परत पाठवा.

छातीखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होते, खाज येते. अंघोळीनंतर तिथे टॉवेलने टिपून कोरडं करा. छाती उचलून धरणाऱ्या ब्रामुळेही तिथे हवा लागते. चट्टा हटत नसेल, वास येत असेल तर पावडर थापत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वजन बदललं, बाळंतपण झालं, की माप पुन्हा घ्यायचं. पाळीच्या आधी छाती जड होते, त्या दिवसांत खरेदी शक्यतो नकोच.

आणि एवढ्या खटपटीने मिळालेली ब्रा वॉशिंग मशीनच्या हवाली करू नका. गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. वाळत घालताना स्ट्रॅपला धरून लटकवलं तर ओल्या कपाच्या वजनाने स्ट्रॅप ताणतात. दोन कपांच्या मधल्या भागावर दोरीवर टाका, सावलीत. तीच ब्रा लागोपाठ दोन दिवस घालू नका, इलास्टिकला परत आकसायला वेळ लागतो. अगदी आतल्या हुकावर लावूनही पट्टा मागे चढायला लागला, की तिचं काम संपलं असं समजा आणि नवी घेण्याआधी पुन्हा एकदा टेप लावा. नमस्कार.