कॅसेटवरचा गेम: कानांनी ऐकलेला संगणक

मित्रहो, कॅसेटवरून गेम लोड करण्याच्या आठवणी निघाल्या की लोक हमखास वाट पाहण्याचं कौतुक सुरू करतात. काय तो संयम, काय ती उत्सुकता! मला हे फारसं पटत नाही. वाट पाहणं तेव्हाही कंटाळवाणंच होतं. आठवण काढावी ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या काळी संगणकात शिरणारी माहिती कानांना ऐकू यायची आणि डोळ्यांना दिसायची.

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला. ४८ के (किलोबाइट) मेमरीचं मॉडेल १७५ पौंडांना. डिस्क ड्राइव्ह कुठून परवडणार? टेपरेकॉर्डर मात्र घरोघरी होता. त्याच्या इअरफोनच्या जागेतून एक वायर संगणकाला जोडायची, 'जे' दाबून लोडचा हुकूम उमटवायचा, अवतरण चिन्हं, एंटर, आणि मग टेपवर प्ले.

आधी यायची एकसुरी, लांबलचक शिट्टी. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे सरकायचे. संगणक टेपचा ठेका पकडतोय, एवढाच त्याचा अर्थ. मग खरखराट सुरू आणि पट्टे निळे-पिवळे. त्या खरखराटात गोंधळ कसलाच नव्हता. शून्यासाठी आखूड लाट, एकासाठी बरोबर दुप्पट लांब. यंत्र फक्त लाटांची लांबी मोजत बसायचं, सेकंदाला सरासरी दीड हजार बिट, म्हणजे तेवढी शून्यं आणि एक. मेमरी गच्च भरायची तर चार-पाच मिनिटं. गंमत अशी, की नुसती शून्यं भरलेला भाग नुसत्या एकांच्या भागापेक्षा निम्म्या वेळात आत जायचा आणि त्याचा सूरही वरचा लागायचा. सरावलेल्या कानांना आता चित्र येतंय की प्रोग्रॅम, हे कळायचं.

चित्राचं तर विचारूच नका. ६,९१२ बाइटचं (एक बाइट म्हणजे आठ बिट) ते चित्र वरून खाली सरळ उतरत नसे. पडद्याचे तीन भाग. प्रत्येक भागात आधी आठ-आठ ओळींच्या अंतरानं रेघा उमटायच्या, मग मधल्या फटी भरत जायच्या. हे सगळं होईपर्यंत चित्र बिनरंगी. रंगांचे ७६८ बाइट सर्वांत शेवटी यायचे आणि चार सेकंदांत सगळा पडदा रंगून जायचा. मेमरीत पडद्याची मांडणी कशी आहे, हे शाळकरी पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि मग 'टेप लोडिंग एरर'. लाट हरवली तर काम तिथंच थांबायचं. एखादाच बिट उलटा वाचला गेला असेल, तर मात्र ते शेवटच्या तपासणीच्या बाइटपाशी कळायचं, म्हणजे सगळी मिनिटं पाण्यात! मग आवाज कमी-जास्त करा, नाहीतर छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जरासा फिरवा. खरखर 'स्वच्छ' ऐकू आली की स्क्रू जागेवर बसला.

कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती संगणकाचा 'डेटासेट' नावाचा स्वतःचा टेपरेकॉर्डर होता, त्याला आवाजाचं बटणच नव्हतं. भानगड कमी, पण मूळ पद्धत फार मंद, कारण चुका पकडण्यासाठी माहिती टेपवर दोनदा लिहिलेली असायची. म्हणून गेम कंपन्यांनी स्वतःचे टर्बो लोडर, म्हणजे झटपट लोड करणारे प्रोग्रॅम, लिहिले. लोड होताना मार्टिन गॅलवेसारख्या संगीतकारांचं संगीत वाजू लागलं, 'इन्व्हेड-अ-लोड'मध्ये तर एक छोटा गेमच खेळायला मिळायचा. संगीत उत्तम होतं, वादच नाही. पण आत काय चाललंय, ते झाकलं गेलं, हेही खरं.

माहिती म्हणजे आवाज, म्हणून तिचं पुढं काहीही करता यायचं. नेदरलँड्समध्ये रेडिओवरून प्रोग्रॅम प्रसारित होत आणि श्रोते ते टेप करून संगणकात घालत. दोन कॅसेटींच्या टेपरेकॉर्डरवर गाण्यासारखी गेमचीही कॉपी निघे. त्यावर उपाय म्हणून १९८४ च्या 'जेट सेट विली' या गेमसोबत रंगांच्या सांकेतिक चौकटींचं कार्ड दिलेलं होतं. त्यातले रंग सांगितल्याशिवाय गेम सुरू होत नसे आणि कार्डाची नक्कल अवघड, कारण रंगीत झेरॉक्स सहज मिळत नव्हती. पोरांनी रंग वहीत हातानं उतरवले.

आज एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, गेम क्षणात लोड होतो, तरी कित्येक जण ती सोय मुद्दाम बंद ठेवतात. आणि जुना स्पेक्ट्रम चालू स्थितीत असेल, तर हेडफोन जॅक असलेल्या मोबाइलला तीच वायर लावा आणि गेमची ऑडिओ फाइल वाजवा. आवाज भरपूर ठेवा, आणि फोन आधी सायलेंट करा. मधेच मेसेजची टिंग वाजली तर तीही बिट म्हणून आत जाईल.