तो सावलीला वळला होता

श्रोतेहो, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, तीन म्हशी आहेत आणि दोन मुलं. आज मी धाकट्याबद्दल आणि त्याच्या कानांच्या चुकलेल्या एका तपासणीबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव रेडिओवर घेत नाही, उद्या मोठा झाल्यावर त्याला ते आवडेल की नाही, कोण जाणे. घरात आम्ही त्याला सोन्या म्हणतो. ज्या दवाखान्यात हे घडलं त्याचं नाव आणि तिथल्या डॉक्टरांचं नावही मी घेणार नाही.

सोन्या तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांचा होता. एक दिवस अंगणवाडीच्या ताई मला थांबवून म्हणाल्या, "वहिनी, मी हाक मारते तेव्हा हा बघत नाही. बाकीची पोरं उठली की त्यांच्या मागनं उठतो. एकदा सांगलीला दाखवून या." दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडून बोलतं, "दूध दे", "आजी ये" असं. आमचा सोन्या "आई" म्हणायचा, "बाबा" म्हणायचा, आणि बाकी सगळं माझं बोट धरून, ओढून नेऊन दाखवायचा. मला वाटायचं, हुशार आहे, बोलायची गरजच पडत नाही त्याला.

सप्टेंबर महिना होता. मी, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सोन्या, पहिल्या एसटीनं सांगलीला गेलो. केसपेपर काढला, अकरावा नंबर लागला. आत गेलो तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. वेळ पक्की आठवते, कारण मी डॉक्टरांच्या मागच्या घड्याळाकडेच बघत बसले होते. डॉक्टर फोनवर बोलत होते. कुठल्या तरी प्लॉटच्या मोजणीचं चाललं होतं. त्यांनी हातानंच बसा म्हणून खूण केली, केसपेपर पुढं ओढला, नाव विचारलं, वय विचारलं. मी "ताई म्हणाल्या की हाक मारली तर" एवढं बोलले, तोवर ते पुन्हा फोनवर.

खोलीची मांडणी मी तुम्हाला सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या पाठीमागं पूर्वेची खिडकी होती. ऊन तिथून येऊन टेबलावर पडलं होतं आणि सोन्या माझ्या मांडीवर बसून त्या उन्हात हात ठेवून खेळत होता. डॉक्टर उठले. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. ते आमच्या मागं आले तशी त्यांची सावली टेबलावर, सोन्याच्या हातांवर आली. सोन्यानं मान वळवून मागं बघितलं. आणि मग डॉक्टरांनी टाळी वाजवली.

"ऐकू येतंय की त्याला. मुलगे बोलतात उशिरा. मोबाईल देऊ नका हातात," असं म्हणून त्यांनी केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. मी "बरं" म्हणाले आणि उठले. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चार मिनिटंसुद्धा झाली नसतील.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, "आगं, त्यो सावलीला वळला. टाळी नंतर वाजली." मी काहीच बोलले नाही, कारण मीही ते बघितलं होतं.

मी का बोलले नाही, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. आमच्या बागेत व्यापारी येतो, साखर मोजायचं मीटर काढतो आणि सावलीतल्या घडाचा एक मणी पिळून "साखर कमी आहे" म्हणतो. तेव्हा मी गप्प बसत नाही. "तो मणी आतल्या घडाचा आहे, बाहेरच्या वेलीचा घ्या, चार ठिकाणचे घ्या," असं तोंडावर सांगते. माझ्या मालाची तपासणी चुकीची झाली तर मला ती कळते आणि मी ती थांबवते. पोटच्या पोराची तपासणी माझ्या डोळ्यांदेखत चुकीची झाली आणि मी "बरं" म्हणून उठले. डॉक्टर शिकलेले, आपण काय सांगणार, आणि उद्या परत त्यांच्याकडंच यायचं आहे, रागावले तर? एवढंच होतं मनात. तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात हेच असतं, हे मला आता ठाऊक आहे.

घरी गेल्यावर फळछाटणी सुरू झाली. मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, मग काढणी, मग बेदाण्याची शेड. कुणी सोन्याबद्दल बोललं की घरचे म्हणायचे, "डॉक्टरांनी लिहून दिलंय ना, ऐकू येतं म्हणून." ते दोन ओळींचे अक्षर आमच्या घरात सात महिने सगळ्यांच्या बोलण्याच्या वर राहिलं.

सोन्याला अगदीच ऐकू येत नव्हतं असं नाही, आणि फसगत होते ती इथंच. दार आपटलं की दचकायचा. कुत्रं भुंकलं की बघायचा. पण कुकरची शिट्टी झाली तर मान हलायची नाही. पुढं कानाच्या तज्ज्ञ बाईंनी मला समजावून सांगितलं, की पुष्कळ मुलांना जाडे, घुमणारे आवाज ऐकू येतात आणि बारीक, चिरके आवाज येत नाहीत. आ, ए, ओ हे स्वर पोचतात, पण स, श, त, क ही अक्षरं गळून जातात. अशा मुलाला बोलणं म्हणजे अर्धवट पुसलेल्या पाटीसारखं. त्या असंही म्हणाल्या की लहान मुलाच्या मागं आवाज करून बघायची एक पद्धत आहेच, पण ती नीट करायची तर मुलापुढं एक माणूस त्याचं लक्ष धरून ठेवायला लागतो, आवाज कानाच्या पातळीवर आणि नजरेच्या बाहेर करावा लागतो, बारीक आणि जाडा असा वेगवेगळा करावा लागतो. सावली, वारा, अत्तराचा वास, जमिनीचा हादरा, यातलं काहीही मुलाला लागलं तरी ते वळतं. शिवाय टाळी हा मोठा आवाज. टाळी ऐकली म्हणजे बोलणं ऐकलं असं होत नाही.

एप्रिलमध्ये शेडवर ट्रॅक्टर आला. सोन्या पाठ करून बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटशी खेळत होता. ट्रॅक्टर वळणावर आला तेव्हा त्यानं आधी जमिनीवर हात टेकला, हात तसाच ठेवला, आणि मग वळून बघितलं. त्या दिवशी मी डेअरीची वही घेतली. जिच्यात सकाळ-संध्याकाळ दुधाचे लिटर लिहितो तीच, तिच्या मागच्या पानापासून लिहायला लागले. तारीख, वेळ, काय आवाज झाला, सोन्या किती लांब होता, तोंड कुठं होतं, काय केलं. "ता. ९, कुकर, चार हात लांब, पाठ होती, बघितलं नाही." "ता. १०, पत्र्यावर नारळ पडला, रडला." "ता. १२, आत्यांनी पाठीमागून चार वेळा हाक मारली, नाही. पाचव्यांदा खांद्याला हात लावला, वळला." तीन आठवड्यांत दोन पानं झाली. माझं काय मत आहे ते मी त्यात कुठंच लिहिलं नाही, जे दिसलं तेवढंच लिहिलं.

घरचे म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांकडं जाऊ. तो मार्गही चांगला आहे आणि तो तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण मी त्याच खोलीत परत गेले. मला ते "बरं" मागं घ्यायचं होतं.

या वेळी डॉक्टरांचा फोन वाजला तेव्हा मी म्हणाले, "तुमचं बोलणं होऊ द्या डॉक्टर, मी थांबते. पण मग याला बघताना फोन नको." ते जरा चमकले. फोन बंद करून त्यांनी टेबलावर ठेवला. मी सांगितलं, "गेल्या खेपेला तो तुमच्या सावलीला वळला होता. टाळी त्यानंतर वाजली. मी तेव्हा बोलले नाही, ते माझं चुकलं." ते म्हणाले, "तपासणी कशी करायची ते आता तुम्ही सांगणार?" आवाज चढलेला होता. माझे हात कापत होते, खोटं कशाला सांगू. मी वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "तपासणी तुम्हीच करा. एवढं वाचून करा."

त्यांनी वाचलं. ट्रॅक्टरच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी सोन्याकडं बघितलं, पहिल्यांदाच, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. पाच-सात मिनिटांनी त्यांनी चिठ्ठी लिहिली, ओएई आणि बेरा या कानांच्या दोन तपासण्यांसाठी. मी आणखी एक मागितलं. "आईची ऐकू येत नसल्याची तक्रार आहे, असं केसपेपरवर लिहा." त्यांनी लिहिलं. श्रोतेहो, ही ओळ फार कामाची आहे. डॉक्टरांना तपासणी गरजेची वाटत नसेल तरीही तुमची शंका कागदावर यायला पाहिजे, म्हणजे पुढचा डॉक्टर तिथून सुरुवात करतो.

बेरा तपासणीत मूल झोपलेलं लागतं. म्हणून मी सोन्याला पहाटे तीनला उठवलं आणि एसटीत झोपू दिलं नाही. तिथं दूध पाजून झोपवलं, मग त्यांनी कपाळावर आणि कानामागं वायरी चिकटवल्या. कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचला की नाही हे मशीनवर उमटतं. मुलाला काही सांगावं लागत नाही, काही दुखत नाही. निकाल आला. दोन्ही कानांनी साधारण ६० डेसिबलच्या पुढचंच ऐकू येतं. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज जवळपास तेवढाच असतो. म्हणजे माझ्या मुलासाठी मी अडीच वर्षं कुजबुजत होते.

बाळ जन्मल्यावर एक महिन्याच्या आत कानांची पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत कानात घालायचं ऐकण्याचं मशीन आणि बोलण्याचं शिक्षण, असा या शास्त्राचा दंडक आहे, कारण बोली शिकण्याची मेंदूची सगळ्यात मोठी तयारी पहिल्या तीन वर्षांत असते. आमच्या सोन्याला मशीन बसलं तेव्हा तो तीन वर्षांना दोन महिने कमी होता. म्हणून त्या सात महिन्यांचं मला एवढं लागतं.

डॉक्टरांची बाजूही मी सांगते. बाहेर बाकावर पन्नास-साठ माणसं होती. २०१७ साली ६७ देशांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात आणि बांगलादेशात ४८ सेकंद, असं त्यात निघालं. आपल्याकडची गर्दी आपण रोज बघतो. गर्दीमुळं वेळ कमी मिळाला तर मी समजून घेईन. पण मिळालेल्या चार मिनिटांत फोन कानाला असणं, हे गर्दीमुळं होत नाही.

म्हणून चिठ्ठी मिळाल्यावरही मी दवाखान्याच्या प्रमुखांना अर्ज दिला. एक पान. तारीख, वेळ, कोणती तपासणी, ती कशी झाली, मी काय पाहिलं, आणि शेवटी मागणी. लहान मुलांच्या तपासणीत फोन वापरू नये, आणि मूल बोलत नसेल तर नुसत्या टाळीवर न थांबता कानाच्या तपासणीला पाठवावं. "निष्काळजी", "उर्मट" असले शब्द मी खोडून काढले. भाचा म्हणाला, कडक लिही. मी म्हणाले, सावली आधी आली आणि टाळी नंतर वाजली, यापेक्षा कडक मला लिहिता येत नाही. दोन प्रती काढल्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कुठलाच अर्ज देऊ नका.

महिन्याभरानं उत्तर आलं, "संबंधितांना समज देण्यात आली आहे." मागणीबद्दल एक अक्षर नाही. मी पुन्हा लिहिलं आहे.

तुमच्यापैकी कुणाला आणखी वर जावं लागलं तर सरकारी दवाखान्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक आहेत, आणि डॉक्टरच्या वागणुकीबद्दल मुंबईला महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात, असं वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ सालच्या नियमांतच आहे. आणि एवढं होण्याच्या आधी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला नुसतं पाठवू नका, स्वतः जा आणि तुमच्या मनात जे आहे ते बोला. आमच्याकडं पथक आलं त्या दिवशी मी बागेत होते.

सोन्या आता पाच वर्षांचा आहे. पहिल्या दिवशी मशीन कानात घातलं तेव्हा आत्या तांदूळ निवडत होत्या. सुपात तांदूळ सरकले, आणि तो त्या सुपाकडं बघत राहिला. आत्यांनी सूप पुन्हा हलवलं, पुन्हा, पुन्हा. त्या दिवशी आमचा भात दुपारी तीनला झाला.

येत्या बुधवारी त्याची पुढची तारीख आहे. डेअरीच्या वहीचं मागचं पान पुन्हा भरत आलंय. 'स'ला अजून 'ह' म्हणतो. डाव्या कानाचं मशीन पावसाळ्यात शिट्टी मारतं. वर्गात मागच्या बाकावर बसवलं तर बाईंचं कळत नाही. एवढं सगळं बुधवारी वाचून दाखवायचं आहे.

नमस्कार.